बाळूचं भंगार

"आज बाळू जिंकणार," गालाला साबण फासता फासता अनंत सावदेकरने आरशाला बजावलं. "मी जिंकवणार! आणि त्याला पत्ताही लागणार नाही."

माणूस मोठा आत्मविश्वासाचा. कारखान्याच्या प्लॅनिंग खात्यात चौतीस वर्षं काढलेली! निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी भाजीला निघताना खिशात कागद, आणि कागदावर क्रम: आधी बटाटे, शेवटी कोथिंबीर, म्हणजे कोथिंबीर चेंगरत नाही. असा माणूस एखाद्याला जिंकवायचं म्हणाला, तर समोरच्याने हार घालूनच घ्यायला हवा.

आता ही कामगिरी त्याच्याकडे आली कशी, ते ऐका.

गुरुवारी कमलिनीवहिनी विरजण मागायला आल्या. कमलिनीवहिनी म्हणजे बाळू पिंपळखुटेची बायको. अनंत आणि बाळू दोघं एकाच दिवशी कारखान्यात लागलेले, अनंत प्लॅनिंगला, बाळू गोदामाला. पिपलानीच्या क्वार्टरमध्ये भिंतीला भिंत लावून राहिले, पुढे इंद्रपुरीत घरंही एकाच गल्लीत बांधली. त्यामुळे विरजण, शिडी, इस्त्री यांची ये-जा कायमची. पण त्या दिवशी वहिनींनी वाटी ओट्यावर ठेवली आणि दारातच घुटमळल्या.

"भाऊजी, रजनी कुठेय?"

"भाजीला गेलीय."

"बरं झालं. बोलायचं होतं." त्यांनी पदर खोचला. "यांचा हात बघताय ना तुम्ही? आता चहासुद्धा दोन हातांनी प्यावा लागतो. इथल्या डॉक्टरांनीच सांगितलं, पुण्यात या दुखण्याचे मोठे डॉक्टर आहेत, वर्षभर तरी त्यांच्या नजरेखाली राहा. आमचा समीर तिकडे खोली रिकामी करून बसलाय. आणि हे काय म्हणतात माहितीये? शर्यत एकदा जिंकल्याशिवाय मी भोपाळ सोडणार नाही!"

"असं म्हणतो?"

"देवापुढे उभं राहून म्हणाले! म्हणून म्हणते, या रविवारी जिंकू द्या त्यांना. आणि रजनीला बोलू नका हं. तिच्या पोटात काही राहत नाही."

अनंतने मान हलवली. वहिनी विरजण न घेताच निघून गेल्या.

मग तो बराच वेळ ओट्याशीच उभा राहिला. बाळू जिंकला म्हणजे बाळू गेला. सकाळी सहाला फाटक वाजवून "उठलास का रे कुंभकर्णा?" असं ओरडणारं या गल्लीत दुसरं कोण होतं? बरखेड्याच्या मैदानाला चार फेऱ्या, मग टपरीवरचा कट चहा, त्यात जगाची उणीदुणी. हे सगळं उचलून कुणीतरी पुण्याला न्यायचं, आणि ते उचलायला अनंतनेच हात लावायचा! त्याला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. पण मान हलवून बसला होता.

आता ही शर्यत म्हणजे काय, तेही सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोटाळा कळायचा नाही.

अकरा वर्षांपूर्वी समीरने कॉलेजच्या सुट्टीत मोटारींच्या शर्यतीचा एक महागडा खेळ आणला होता. पोरं पांगली, निम्म्या गाड्या हरवल्या, पण त्यातली युक्ती चार मोठ्या माणसांच्या डोक्यात जाऊन बसली. अनंत, त्याची बायको रजनी, बाळू आणि ड्रॉइंग ऑफिसमधून निवृत्त झालेल्या शालिनीताई. शालिनीताईंनी प्लायवूडवर पिपलानी, बरखेडा, इंद्रपुरी आणि परत पिपलानी असा सगळा रस्ता घरं पाडून रेखला, वळणंसुद्धा मापात. स्कूटर म्हणून चार रंगांचे चार पितळी नट. आणि गोदामात कुठला माल किती उरला ते लिहायची जाडसर कार्डं रद्दीत निघाली होती, ती कापून पत्ते.

फासा नाही! हीच तर गंमत. गाडी किती पळणार ते तुमच्या गड्डीतले पत्ते ठरवतात, आणि गड्डीत काय असणार ते तुम्ही. सुरुवातीला प्रत्येकाला दहा पत्ते, एक-दोन-तीनचे, अगदी गरिबाघरचे. डावाला चार उचलायचे, त्यातले दोन खेळायचे, बेरजेइतकी घरं पुढे. वाटेत गॅरेज लागलं की आपला हलका पत्ता तिथे ठेवायचा आणि चारचा किंवा पाचचा उचलायचा. गड्डी संपली की पिसून पुन्हा तीच. म्हणजे आज जे घ्याल, ते उद्या हातात येणारच! वळणावर मस्ती करून पाचाच्या वर पळालात, की शिक्षा म्हणून भंगाराचा पत्ता. किंमत शून्य. तो तुमच्या गड्डीत शिरतो, गॅरेजवाला तो घेत नाही, आणि नेमका नको तेव्हा हातात येतो.

यात या चौघांनी घरचे दोन नियम घातले. पहिला, शेवटच्याला दया. फेरी संपली की जो सगळ्यात मागे असेल त्याने गॅरेजमधला सगळ्यात भारी पत्ता बदलून घ्यायचा. घ्यायचाच! बाळू कायम मागे असायचा आणि मानी असल्यामुळे "नको" म्हणायचा, म्हणून सक्ती केलेली.

दुसरा नियम कंडम कमिटीचा. कारखान्यात खराब माल मोडीत काढायचा तर कमिटी बसते, फॉर्म भरतात, सह्या होतात. तसंच इथे. कुणाच्याही गड्डीतलं भंगार कायमचं काढायचं तर फॉर्म भरायचा, दोन सह्या घ्यायच्या, त्यातली एक गेल्या सालच्या विजेत्याची. ज्याचा माल, त्याची संमती लागत नाही. कारखान्यात तरी कुठे लागायची? आणि एकदा कंडम झालेला माल गोदामात परत येत नाही. हे शेवटचं कलम बाळूने स्वतः घातलेलं.

पण कलम घालणाऱ्याने अकरा वर्षांत एकदाही फॉर्म मागितला नव्हता! बाकीचे तिघं चहाची, भज्यांची लाच देऊन एकमेकांच्या सह्या मिळवायचे. बाळू म्हणायचा, "राहू दे यार, लागेल कधीतरी." चौतीस वर्षं गोदाम सांभाळलेला माणूस, त्याच्या हातून काही टाकवायचंच नाही. शर्यत संपेपर्यंत त्याच्या गड्डीत दहा पत्ते कामाचे आणि पंधरा भंगाराचे. वर्षाला एक, अशा अकरा शर्यती, अकरा वेळा शेवटचा. अनंत सात वेळा पहिला. गेल्या वर्षीही तोच.

तर रविवारी दुपारी मंडळी बाळूच्या घरी जमली. दिवाळीचा उरलेला चिवडा ताटलीत आला. अनंतच्या चष्म्याच्या डबीत योजनेची चिठ्ठी होती. योजना सोपी: सुरुवातीला प्रत्येक वळणावर बेफाम पळायचं आणि भंगार गोळा करायचं. निम्म्या वाटेत गाडी आपोआप जाम होईल, आणि बाळू आरामात पुढे जाईल. वा!

पहिलं वळण. अनंतने तीन आणि तीन टाकले. "सहा! अरे अरे, जास्त झाले वाटतं." त्याने दुःखी चेहऱ्याने भंगार उचललं.

रजनीने तीन आणि तीन टाकले. "अगं बाई, माझेपण सहाच!"

शालिनीताईंनी अकरा वर्षांत कधी वळणावर वेग वाढवला नव्हता. रस्त्यावरसुद्धा त्या स्कूटर अशी चालवायच्या की सायकलवाले पुढे जायचे. त्यांनी चष्मा सारखा केला आणि तीन-तीन ठेवले. "होतं असं कधीकधी," त्या म्हणाल्या.

बाळू तिघांकडे बघतच राहिला. "क्या हो गया भाई? आज सगळ्यांच्या अंगात आलंय का?"

दुसरं वळण, तसंच. तिसरं वळण, तसंच! आठव्या फेरीला भंगाराची थप्पी संपली. चोवीस पत्ते! अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. शेवटी कमलिनीवहिनींनी जुन्या लग्नपत्रिकांचा डबा काढून दिला आणि शालिनीताईंनी त्या मापात कापल्या. त्यामुळे पुढे अनंतच्या हातात जे शून्य आलं त्यावर "आपली उपस्थिती प्रार्थनीय आहे" असं सोनेरी अक्षरांत छापलेलं होतं. नवे पत्ते पाठीमागून ओळखू येत होते, पण त्याची तक्रार कुणी केली नाही.

आणि मग गाड्या जाम झाल्या.

"शून्य अधिक शून्य," अनंत म्हणाला. "मी जागच्या जागी."

"मीपण," रजनी म्हणाली.

"माझंही शून्यच," शालिनीताई म्हणाल्या.

बरखेड्याच्या वळणावर तीन पितळी नट एकमेकांना चिकटून उभे राहिले. पुढच्या फेरीला तिथेच. त्याच्या पुढच्या फेरीलाही तिथेच! कमलिनीवहिनी चहा घेऊन आल्या, पटाकडे पाहिलं आणि विचारलं, "सुरू व्हायचीय का अजून?"

अनंतला मात्र घाम फुटायला लागला. आपण जाम झालो ते योजनेप्रमाणे. या दोघी का जाम? आणि रजनी तर त्याच्यापेक्षाही हुशारीने हरत होती! हातात तीनचा पत्ता असताना तिने एक आणि शून्य खेळलेले त्याने स्वतः पाहिले. ही बाई चाळीस वर्षं पत्त्यात त्याला कधी सोडत नव्हती, आज हिला झालंय काय?

इकडे बाळूची गाडी मागून सरकत होती. तो शेवटचा, म्हणून दर फेरीला गॅरेजमधला पाचचा पत्ता त्याच्या गळ्यात.

"नको मला," बाळू म्हणायचा.

"नियम आहे!" तिघं एका सुरात ओरडायचे.

पाचाचे पत्ते घालून घालून बाळूची गड्डी अशी दणकट झाली की त्याने एका डावात तिघांना मागे टाकलं. अनंतच्या जिवात जीव आला. पण दयेचा नियम आंधळा असतो हो! बाळू पुढे गेला, तर आता शेवटचा कोण? अनंत! पाचचा पत्ता अनंतच्या गड्डीत. पुढच्याच डावाला तो हातात आलाही, आणि बाकीची तिन्ही कार्डंही भारी: दोन चारची, एक तीनचं. आता पळावंच लागणार! अनंतने घसा खाकरला आणि नट हळूच सातच्या ऐवजी सहा घरं सरकवला.

"अहो, चार आणि तीन सात," रजनी म्हणाली. "सहाच घरं गेलात."

"मोजलंय मी."

"पुन्हा मोजा!" तिने त्याचा नट एक घर पुढे ढकलला.

"आणि तू? मघाशी दोन होते, एकच घर गेलीस!" अनंतने तिचा नट पुढे ढकलला.

"हात लावू नका माझ्या गाडीला!"

"तू माझ्या गाडीला लावलास तो?"

संसारात एवढं भांडण झालं नव्हतं. नवराबायको एकमेकांना पुढे ढकलण्यासाठी भांडतायत, हे दृश्य इंद्रपुरीने प्रथमच पाहिलं. शालिनीताई संधी साधून आपला नट दोन घरं मागे घेत होत्या. त्यांना दोघांनी पकडलं आणि तीन घरं पुढे ठेवलं.

या गोंधळात बाळूही प्रत्येक वळणावर सुसाट पळत होता आणि भंगार उचलत होता. त्याच्या गड्डीत भंगार वाढलं तशी त्याची गाडीपण अडखळायला लागली. अनंतने ठरवलं, आता हत्यार काढायचं.

"कंडम कमिटी!" त्याने फॉर्मची वही पुढे ओढली. "पिंपळखुटे यांच्या गड्डीतील सहा भंगारं मोडीत काढण्याचा प्रस्ताव. माझी सही ही घ्या. दुसरी कुणाची?"

वाक्य संपायच्या आत रजनीने पेन घेतलं होतं. शालिनीताई म्हणाल्या, "जागा असेल तर मीपण करते."

बाळूने चहाचा कप दोन्ही हातांनी खाली ठेवला. "थांबा. अकरा वर्षांत माझ्यासाठी कुणी सही केली नाही. आज न मागता? भजी नाहीत, काही नाही?"

"माणुसकी म्हणून," अनंत म्हणाला.

"माझं भंगार माझ्याजवळ राहू दे! मला लागतं ते!"

"तुला काय लागतं रे? अडगळ आहे नुसती."

सहा गेली. पुढच्या फेरीला आणखी पाच गेली. मग चार. बाळू प्रत्येक वेळी विरोध करायचा आणि तिघं प्रत्येक वेळी हसायचे. गोदामवाला तो गोदामवालाच! होता होता बाळू शेवटच्या सरळ रस्त्याला लागला. सीमारेषा सात घरांवर. बाकीचे तिघं अजून इंद्रपुरीच्या चौकात धक्काबुक्की करत होते. अनंतने मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

बाळूने चार पत्ते उचलले. त्याचा उजवा हात थरथरत होता, पत्ते वाऱ्यावर असल्यासारखे हलत होते. त्यातला एक निसटला आणि पटावर उताणा पडला.

पाच.

बाळूने तो झडप घालून उचलला. अनंतने ओळखलं, पाच आहे म्हणजे जोडीला चार किंवा पाच असणारच, कारण हलके पत्ते तर केव्हाच गॅरेजला गेले. आता हा जिंकला! आणि बाळूने शांतपणे दोन भंगारं पटावर ठेवली.

"शून्य अधिक शून्य," तो म्हणाला. "पुढच्याचा डाव."

अनंतने मान वर केली. बाळू त्याच्याकडेच बघत होता.

तेव्हा कुठे अनंतच्या डोक्यात प्रकाश पडला. हा हरायला बसलाय! हाच डाव कशाला, गेले दोन तास हा मन लावून हरतोय. जिंकल्याशिवाय भोपाळ सोडणार नाही, हे त्याने देवापुढे म्हटलं कारण आपण जिंकणं शक्य नाही याची त्याला पक्की खात्री होती. ते भंगार म्हणजे अडगळ नव्हती. ते त्याचं इंद्रपुरीतलं घर होतं, सकाळचं फाटक होतं, मैदानाच्या चार फेऱ्या होत्या.

"शेवटची दोन राहिली," रजनी उत्साहाने फॉर्म लिहीत होती. "ही माझी सही. अहो, तुमची करा. तुमच्याशिवाय चालत नाही."

फॉर्म अनंतसमोर आला.

"अनंता," बाळू हळू आवाजात म्हणाला. "सही करू नकोस."

साधी गोष्ट होती. पेन खाली ठेवायचं. "कमिटीला हा प्रस्ताव मान्य नाही" म्हणायचं. दोन भंगारं बाळूकडे राहिली असती, त्याने ती पुन्हा पुन्हा खेळली असती, संध्याकाळ झाली असती आणि उद्या सकाळी सहाला फाटक वाजलं असतं. अनंतला ते इतकं हवं होतं की त्याने पेनाला टोपण लावलंसुद्धा.

मग त्याचं लक्ष बाळूच्या हाताकडे गेलं. बाळूने उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता, कुणाला दिसू नये म्हणून. आणि तरीही पूर्ण खुर्ची हलत होती.

अनंतने टोपण काढलं आणि सही केली.

बाळूने गड्डी पिसली, म्हणजे पिसायचा प्रयत्न केला. निम्मी शालिनीताईंनी पिसून दिली. त्याचा डाव आला. त्याने चार पत्ते उचलले. चार, पाच, पाच, चार. त्याच्या गड्डीत दुसरं काही उरलंच नव्हतं. कुठलेही दोन टाकले तरी बेरीज आठच्या खाली येत नव्हती, आणि सीमा होती सात घरांवर.

"मी पास," तो म्हणाला.

"पास नाही आपल्यात," शालिनीताई म्हणाल्या.

"मग माझं भंगार परत द्या."

"कंडम झालेला माल परत येत नाही, बाळूभाऊ. कलम तुमचंच आहे."

"अरे, माझं भंगार परत द्या मला!" बाळू ओरडला. साठी-सत्तरीतला माणूस, आणि आवाज रडवेला. "मला नाही जायचं पुण्याला! काय करू तिथे? आठव्या मजल्यावर बसून लिफ्ट मोजू? तुम्हाला काय वाटलं, मला खेळता येत नाही? अकरा वर्षं येत नव्हतं ते खरं. पण आज मी हरायला खेळत होतो, आणि तुम्ही मेल्यांनो आजच नेमके माझ्याहून वाईट खेळलात!"

रजनीने नवऱ्याकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्हालाही सांगितलं होतं कमलिनीताईंनी?"

"तुलाही?"

"म्हणाल्या, भाऊजींना बोलू नकोस, त्यांच्या तोंडावर सगळं दिसतं."

"मला म्हणाल्या," शालिनीताईंनी चष्मा काढून पुसला, "की त्या नवराबायकोवर कसलाच भरवसा नाही."

तिघांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. कमलिनीवहिनी तिथे उभ्याच होत्या. त्यांनी कपाटातून एक पाकीट आणलं आणि पटावर, सीमारेषेच्या पलीकडे ठेवलं.

"मंगळवारची तिकिटं," त्या म्हणाल्या. "समीरने दीड महिन्यापूर्वीच काढलीत."

"दीड महिना?" अनंत उडालाच. "आणि वहिनी, हा हरला असता तर?"

"तरी मंगळवारीच निघायचं होतं."

"मग आम्हाला कशाला हो कामाला लावलंत? आमच्या घरात धक्काबुक्की झाली!"

वहिनींनी पटावरचं पाकीट सरळ केलं. "अकरा वर्षं हरून घरी यायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पत्ते पुसून ठेवायचे. गाडीत बसताना एकदा तरी जिंकलेले असू देत, असं वाटलं मला. एवढंच."

त्यांनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला, पण तो रागाचा नव्हता.

बाळूने दोन पत्ते पटावर ठेवले. चार आणि पाच. त्याने नट उचलायला हात पुढे केला. हात थरथरला, नट दोनदा पडला. कुणी मदत केली नाही. तिसऱ्यांदा त्याने तो सीमेपार नेऊन तिकिटांच्या पाकिटावर ठेवला.

"तुला कळलं होतं," तो अनंतला म्हणाला. "मी बघितलं तुझ्याकडे. तुला कळलं होतं आणि तरी सही केलीस."

"केली."

"मी गेलेलं बरं, असं वाटतं तुला?"

"गाढवा," अनंत म्हणाला. "तू गेलास की मी सकाळी उठू कशाला? पण मांडीखाली हात दाबून बसलेला बाळू मला बघवत नाही. बरा होऊन ये. बस्स."

रजनी उठून उगाच पडदे सारखे करू लागली. शालिनीताईंनी मात्र कामाला सुरुवात केली. त्यांनी पिशवीतून निकालाचं रजिस्टर काढलं. बाई ड्रॉइंग ऑफिसच्या, त्यांनी येत्या दहा वर्षांच्या ओळी आधीच आखून, डावीकडे सुबक अक्षरांत सालं घालून ठेवली होती. एका सालाला एक ओळ. समोर विजेत्याने स्वतःच्या हाताने नाव लिहायचं.

बाळूने पेन धरलं. पहिली दोन अक्षरं ओळीत आली. मग हात सुटला. "पिंपळखुटे" आडनाव हे असं लांबलचक. निम्मं पुढच्या सालात घसरलं, आणि शेवटचं अक्षर त्याच्याही पुढच्या सालात जाऊन थांबलं. पानावर तीन ओळी भरून तिरपं, वेडंवाकडं नाव. बाळू ओशाळला.

"खराब केलं रे पान. शालिनीताई, खोडू का?"

"खबरदार!" अनंतने रजिस्टर आपल्याकडे ओढलं, चष्मा चढवला आणि चौतीस वर्षं प्लॅनिंगमध्ये काढलेल्या माणसाच्या गांभीर्याने ते तपासलं. "ज्या सालासमोर ज्याचं नाव, त्या सालचा विजेता तो. हे साल, बाळू पिंपळखुटे. पुढचं साल, बाळू पिंपळखुटे. त्याच्या पुढचंही."

"अरे, त्या शर्यती कुठे झाल्यात अजून?"

"नोंद झालीय. आणि विजेत्याला शर्यतीला जातीने हजर राहावं लागतं, त्याशिवाय निकाल धरत नाहीत. दोन्ही वर्षं यायचं. बरा झालेला हात घेऊन यायचं."

"असा नियम कुठाय आपल्यात?"

"आत्ता केला. कुणाची हरकत?"

कुणाची नव्हती. बाळूने नाक पुसलं आणि पहिल्यांदाच चिवड्याची ताटली जवळ ओढली.

रजनी पडद्यापाशी बोटांवर हिशेब करत होती. "अहो, पण म्हणजे आपण तिघं पुढची दोन वर्षं आत्ताच हरलो की!"

"हरलो," अनंत म्हणाला. "आणि खबरदार, मध्येच कुणी जिंकलात तर!"